दूधगंगेची तर

‘पायउतार’ हा शब्द हल्ली वर्तमानपत्रांत मंत्र्यांच्या आणि अध्यक्षांच्या कामी येतो. परंतु आमच्या बोरगावच्या पंचक्रोशीत, जिथे दूधगंगा उसाच्या आणि तंबाखूच्या काळ्या शिवारांतून वळसे घेत सदलग्याकडे आणि तेथून पुढे कृष्णेकडे जाते, तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी त्याचा अर्थ अगदी निराळा आणि पुष्कळच ओला होता. नदी पायउतार झाली म्हणजे धोतर गुडघ्याच्या वर खोचून, वहाणा हातात आणि पोर खांद्यावर घेऊन पलीकडे जाण्याजोगी झाली. हा साधारणपणे दिवाळीनंतरचा सुमार. मृगाचे पाणी आले की तीच नदी पुन्हा नावेची होई, आणि मग पलीकडची लेक, पलीकडचा बाजार, पलीकडच्या पाव्हण्यांकडले कार्य, सर्व काही एका लाकडी नावेच्या आणि एका नावाड्याच्या मर्जीवर येऊन ठेपे. पायउताराचे महिने आणि नावेचे महिने, असे वर्षाचे दोन भाग नदीनेच पाडून दिलेले होते. पंचांगकर्त्यांनी त्यांची नोंद घेतली नाही, एवढेच.

सार्वजनिक जलवाहतुकीचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित मनुष्य लगेच व्हेनिसचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. कारण त्या नगरीत रस्त्याच्या जागी कालवा आणि बसच्या जागी बोट आहे. तिथल्या महाकालव्यावर १८५४ पर्यंत रियाल्टोचा एकच पूल होता, आणि बाकी सर्व ठिकाणी या काठाचे त्या काठाला जायचे ते गोंडोलाच्या तरीने. १८८१ साली ‘रेजिना मार्गेरिता’ नावाची पहिली आगबोट त्या कालव्यात फिरू लागली, तेव्हा आपल्या पोटावर पाय आला असे समजून गोंडोलावाल्यांनी संप पुकारला. संप मोडला, आगबोट राहिली, पुढे नगरपालिकेने ती वाहतूक आपल्या हाती घेतली, आणि वाफ जाऊन डिझेल आले तरी लोक तिला अजून ‘व्हापोरेत्तो’, म्हणजे लहानशी आगबोट, असेच म्हणतात. पाण्याच्या चढउताराबरोबर वरखाली होणाऱ्या तरंगत्या थांब्याला ती लागते, बोटीवरचा माणूस दोराचा फेरा खुंटाला टाकतो, दांडी सरकवतो, आणि भाजीची पिशवी घेतलेली म्हातारी, शाळकरी मुले, कारकून असे सर्वजण, कोणताही चमत्कार घडत नसल्याच्या मुद्रेने, चढतात व उतरतात. या मुद्रेचाच मला हेवा वाटतो. आमच्याकडे नावेत पाऊल टाकताना प्रत्येकजण पाण्याला हात लावून तो कपाळी नेत असे. तिथे नाव हाच रस्ता होता, इथे नाव म्हणजे रस्त्याला पडलेले खिंडार बुजवण्याची तात्पुरती तजवीज होती. आणि माझ्या मते आमच्या तरीचा सगळा इतिहास, तिचा मान, तिची हेळसांड आणि तिचे विस्मरण, या एका भेदातून निघालेला आहे.

कृष्णा-तुंगभद्रेच्या या प्रदेशात नाव म्हटली की ती लांबट आणि टोकदारच असली पाहिजे, असा नियम नव्हता. सुमारे १५२० साली विजयनगरास आलेल्या दोमिंगो पाएश या पोर्तुगीजाने आनेगुंदीजवळ लोक टोपलीसारख्या गोल नावांतून नदी उतरताना पाहिले: आतून वेताची वीण, बाहेरून कातडे, एकेका नावेत पंधरा-वीस माणसे आणि प्रसंगी घोडे नि बैलसुद्धा, आणि वल्हवताना ती सारखी गरगर फिरत राहते, कारण गोल वस्तूला सरळ जाणे ठाऊकच नसते, हेही त्याने नमूद करून ठेवले. १८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे ज्याला वेलिंग्टन म्हणून जगाने ओळखले त्याने, आपल्या पलटणी या भागातील नद्यांपार नेण्यासाठी अशाच चामड्याने मढवलेल्या टोपल्या करवून घेतल्या. नेपोलियनाला हरवणारा सेनापती बुरुडाच्या आणि चांभाराच्या हातांवर भिस्त ठेवून नदी उतरला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असती तर मुलांना इतिहास अधिक आवडला असता. कन्नडात या टोपलीला हरिगोलु म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला अंबिग. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणमंडळात अंबिगर चौडय्या नावाचा जो फटकळ वचनकार होऊन गेला, तो याच धंद्यातला. आमच्या सीमाभागात एकाच नावेत बसलेली दोन माणसे नावाड्याला दोन भाषांत हाका मारीत आणि तो दोघांनाही तिसऱ्याच, म्हणजे शिव्यांच्या, भाषेत उत्तर देई. भाषावादाचा इतका समाधानकारक निकाल पुढे कोणत्याही आयोगाला लावता आला नाही.

नावाडी हा गावगाड्याचा माणूस. कित्येक गावांच्या बलुतेदारांच्या याद्यांत कोळ्याचे नाव सापडते; पाणी भरणे आणि नाव चालवणे ही त्याची कामे, आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर त्याला धान्याचा वाटा. म्हणजे गावच्या माणसाने नावेत बसताना हातावर पैसा ठेवायचा नसे. पैसा ठेवायचा तो परमुलखातल्या वाटसरूने, व्यापाऱ्याने आणि वऱ्हाडाने. हिंदीत ‘उतराई’ म्हणजे नावेचे भाडे, आणि आपल्याकडे उतराई होणे म्हणजे ऋण फेडणे. दोन्ही भाषांनी एकाच काठावरून हा शब्द उचलला असावा असे मला नेहमी वाटत आले आहे. नावाड्याचे कसब मात्र भाड्यात मोजण्यासारखे नव्हते. चढत्या पाण्यात समोरच्या घाटाला लागायचे असेल तर नाव प्रथम काठाकाठाने, दोराने ओढीत आणि बांबूने रेटीत, बरीच वर न्यावी लागे. मग ती धारेत सोडून द्यायची, धार तिला तिरपी खाली आणी, आणि वल्ह्यांनी फक्त तिचे तोंड राखीत नेमके घाटाच्या पायरीवर टेकवायचे. दहा हात खाली गेली तर बाभळीच्या रानात, आणि वीस हात खाली गेली तर दुसऱ्याच गावात. गाडी न्यायची असेल तेव्हा दोन नावा जोडून वर फळ्या टाकीत. बैलांना मात्र मागून पोहत यावे लागे, आणि पोहणाऱ्या बैलाची शेपटी धरून फुकटात पलीकडे जाणारी पोरे कोणत्याही काळात कमी पडली नाहीत.

या घरगुती व्यवस्थेत सरकारचा हात शिरला तो इंग्रजी अमलात. १८६८ साली मुंबई इलाख्यात तरींचा कायदा झाला: कोणती तर सार्वजनिक समजायची, तिचे दर काय, आणि तिचे उत्पन्न मक्त्याने कोणाला द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. परिणामी खळ्यावरच्या वाट्याच्या जागी लिलावाची बोली आली, नावाड्याच्या डोक्यावर मक्तेदार आला, आणि ज्याला वल्हे धरता येत नाही असा मनुष्य घाटावर छत्री उघडून माणशी दर घेऊ लागला. व्हेनिसच्या गोंडोलावाल्यांचा संप आणि आमच्या नावाड्यांचे हे पदच्युत होणे जवळजवळ एकाच पिढीतले. फरक एवढाच की त्यांच्या पोटावर यंत्र आले आणि आमच्यांच्या पोटावर कागद. त्यात पुन्हा आमच्या नद्यांची भूगोलापेक्षा दप्तराने जास्त गुंतागुंत केलेली: चिकोडी तालुका खालसा मुलखात, पलीकडे कोल्हापूर संस्थान, त्यात इचलकरंजीची जहागीर, थोडे खाली गेले की कुरुंदवाडचे पटवर्धन. सकाळी नावेत बसलेला मनुष्य दुपारपर्यंत तीन अमलांखालून जाऊन येई, आणि त्याला त्याचे काही वाटतही नसे. नरसोबाच्या वाडीला जाणारा भाविक तर कोणाच्या राज्यातून चाललो आहोत याचा विचारच करीत नसे. त्याचे लक्ष संगमावरच्या नावेकडे आणि नैवेद्याच्या वेळेकडे.

नावेशिवाय नदी उतरण्याची एक कथा या भागात अद्याप सांगितली जाते, ती सोडवत नाही. वेदगंगा आणि दूधगंगा जिथे मिळतात त्या भोजेचे सातगौडा पाटील, १८७२ साली जन्मलेले आणि पुढे आचार्य शांतिसागर म्हणून साऱ्या जैन समाजास वंद्य झालेले, हे गृहस्थाश्रमात असताना आदिसागर नामक मुनींना स्वतःच्या खांद्यावर बसवून नदीपार नेत असत, अशी परंपरा आहे. धिप्पाड देह, छातीएवढे पाणी, खांद्यावर दिगंबर मुनी; आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका हा प्रसंग सांगताना ‘पाण्यानं वाट दिली’ असे कधी म्हणत नसत, ‘गड्याच्या पायाला नदी ठावी होती’ असे म्हणत. मला हे वाक्य अधिक खरे वाटते.

मग बंधारे आले. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीने उभे केलेले दगडी खांब. पावसाळा सरला की त्यांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचे, मृगापूर्वी ते काढून घ्यायचे, आणि खांबांवरून गेलेल्या चिंचोळ्या वाटेने माणसे, सायकली, पुढे मोटारी न्यायच्या. कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, अकोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड: ही जोडनावे आमच्याकडे दर पावसाळ्यात स्तोत्रासारखी उच्चारली जातात, कारण पाणी वाढले की हे सगळे पूल-बंधारे एकापाठोपाठ एक पाण्याखाली जातात आणि पाच मिनिटांच्या वाटेला दहा गावांचा वळसा पडतो. इकडे काळम्मावाडीला, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या भागीने, दूधगंगेवर मोठे धरण झाले. उन्हाळ्यातही नदीला पाणी सुटू लागले, बंधाऱ्यांमागे ते तुंबून राहू लागले, आणि माणसे ज्या उतारांवरून पिढ्यान्‌पिढ्या पायी गेली ते पाण्याखाली कायमचे बुडाले. म्हणजे पाहा, बंधाऱ्याने नाव घालवली आणि धरणाने पायउतार घालवला. दोन्ही गेले तेव्हा कोणी हळहळले नाही. मीही नाही, कारण मला शाळेत सायकलवरून जायला मिळाले.

परंतु आषाढात बंधारा बुडे आणि नाव तर केव्हाच मोडीत निघालेली, अशा पेचात जे वाहन पुढे येई ते पाएशाने पाहिले असते तर जुनी ओळख पटून त्याने नमस्कारच केला असता. ते म्हणजे गुऱ्हाळाची काहील, आमच्या बोलीत काईल. उसाचा रस आटवण्याची ही गोल, पसरट, लोखंडी कढई. हंगामात चुलाणावर असते आणि पावसाळ्यात रिकामी. लहानपणी आजोळच्या एका बाराव्याला मी तिच्यातून नदी उतरलो आहे. तळाला कडब्याच्या पेंढ्या टाकलेल्या, कारण जुन्या मळीने लोखंड निसरडे होते आणि पाय सरला की सगळा भार एका अंगाला जातो. आम्हा सातजणांना गोलाकार, पाठी काठाला लावून आणि पाय मध्ये एकत्र करून बसवले. समोरासमोर सारख्या वजनाची माणसे हवीत म्हणून माझ्या समोर माझाच चुलतभाऊ आणि आत्याबाईंच्या समोर गुळाची ढेप घेतलेला एक म्हातारा. चार गडी पाण्यात उतरून, कड एका हाताने धरून, पोहत ढकलू लागले. काईल लगेच फिरायला लागली. एकदा आपले गाव दिसे, एकदा पलीकडचे, एकदा नुसता तांबडा लोंढा आणि त्यात वाहत चाललेले उंबराचे खोड. ‘हालू नगा, वाकू नगा, पाण्याकडं बघू नगा,’ एवढ्या तीन आज्ञा गडी पुन्हा पुन्हा देत होते, आणि कडेवरून ओंजळभर पाणी आत आले तेव्हा आत्याबाईंनी ते पदराने टिपून बाहेर पिळले. काईलीत गुळाचा वास येत होता. भीतीचा आणि गुळाचा वास माझ्या मनात तेव्हापासून एकच होऊन बसला आहे.

पुलावर मनुष्याचा विश्वास बसतो तो इतका की नावा विकून टाकाव्यात असे त्याला वाटू लागते. गोव्यात मांडवीवरचा पूल १९७० साली खुला झाला, आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. १९९२ साली नवा पूल होईपर्यंत पणजी आणि बेती यांच्यामधली माणसे पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली. गोव्याचे शहाणपण असे की दिवाडी-चोडणसारख्या बेटांपायी फेरीबोटी तिथे कधी मोडीत निघाल्याच नव्हत्या. खाते होते, खलाशी होते, धक्के होते. आमच्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढून पुणे-बेंगळुरू रहदारी थांबली, तेव्हा नावा आल्या त्या जवानांच्या, रबराच्या. गावाची म्हणावी अशी एकही नव्हती.

त्या दिवसांत आमच्या परड्यात जनावरांना पाणी पाजण्यासाठी ठेवलेली जुनी काईल चुलत्यांनी कोणाला काही न बोलता रिकामी केली, आतले शेवाळ विटेने घासून काढले, ती ओट्याशेजारी उंचावर ओढून आणली आणि विहिरीच्या बादल्यांनी निम्म्यापर्यंत भरली. पाण्याची रेघ जिथे आली तिथे कोळशाने खूण केली. सकाळी उठून पाहतो तो खूण आणि पाणी दोन्ही जिथल्या तिथे होते, आणि चुलते कडब्याच्या पेंढ्या मोजत बसले होते.