टेबलाभोवती घडलेला इतिहास कोणाच्या नावावर?

१/ गेल्या शनिवार-रविवारी आम्ही चौघे मित्रमैत्रिणी पुण्यात भरलेल्या एका लहानशा मेळाव्याला गेलो होतो. भाड्याने घेतलेला हॉल, दहा-बारा टेबले, प्रत्येक टेबलाभोवती पाच-सहा जण, मध्ये फासे, पेन्सिली आणि चहाचे कप. मेळावा टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचा, म्हणजे भूमिकाखेळांचा होता. परतीच्या वाटेवर आमच्यात एक वाद झाला. त्या वादातूनच हा थ्रेड लिहावासा वाटला. वाद कसला, ते शेवटी सांगते. आधी इतिहास.

२/ हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो. ‘तुम्ही पडक्या किल्ल्याच्या दाराशी उभे आहात, आतून उजेड येतो आहे, काय कराल?’ उरलेले खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. एखादी गोष्ट साधेल की नाही, अशी शंका असेल तेथे फासे टाकले जातात. चारेक तासांत सर्वांनी मिळून अशी एक कथा रचलेली असते, जी सकाळी कोणाच्याही मनात नव्हती.

३/ आपल्या तमाशातील वग आठवावा. कथानकाचा सांगाडा ठाऊक असे, पण पारंपरिक वगाचे संवाद बहुधा लिहिलेले नसत. सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर ते उभे राहत. या दोन गोष्टींत ऐतिहासिक नाते काहीच नाही. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे: जे बोलले गेले आणि हवेत विरले, त्याचे साधन कोणते?

४/ सर्वसाधारण समज असा की आधी खेळ निघाला, लोकप्रिय झाला आणि मग त्याचे मेळावे भरू लागले. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा छापून विकला गेलेला पहिला भूमिकाखेळ १९७४ चा. त्याचा सर्वांत प्रसिद्ध मेळावा ‘जेन कॉन’ मात्र १९६८ चा, म्हणजे सहा वर्षे आधीचा. मग त्या सहा वर्षांत लोक तेथे काय खेळत होते?

५/ ते युद्धखेळ खेळत होते. त्यांचे मूळ शोधण्यासाठी प्रशियात जावे लागते. १८१२ मध्ये बॅरन फॉन रायस्विट्झ याने राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्यासमोर युद्धाचा एक खेळ सादर केला. तोफखान्यात अधिकारी असलेल्या त्याच्या मुलाने १८२४ मध्ये तो सुधारला. मोठ्या प्रमाणावरचा खरा नकाशा, लाल आणि निळ्या सोंगट्या, फासे आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये बसलेला एक पंच. प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो स्वीकारला.

६/ यातला पंच महत्त्वाचा. खेळाडू आपले हुकूम पंचाला देत, सोंगट्या पंच हलवी आणि शत्रूचे जेवढे दिसणे शक्य तेवढेच तो समोरच्याला दाखवी. १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी दु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने फासे आणि कोष्टके बाजूला सारून निर्णय पंचाच्या अनुभवावर सोपवावा, असे सुचविले. आजच्या सूत्रधाराचा पूर्वज हाच.

७/ पुढे हा खेळ छावणीतून घरात आला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या सैनिकांची लढाई दिवाणखान्यात आणली. १९५८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी ‘ॲव्हलॉन हिल’ कंपनी काढली आणि युद्धखेळ खोक्यात भरून दुकानात ठेवले. अडचण एकच उरली, ती प्रतिस्पर्ध्याची. छोट्या गावात असा छंद असलेला दुसरा माणूस कोठून आणायचा? लोक टपालाने चाली कळवून खेळत. मेळाव्याची गरज या एकटेपणातून निर्माण झाली.

८/ गॅरी गायगॅक्स हे असेच एक छंदिष्ट. शिकागोतील विमा कंपनीत नोकरी, राहणे विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या तळ्याकाठच्या गावी. १९६७ मध्ये त्यांनी काही समछंदी मंडळींना घरी बोलावले. पुढच्या वर्षी घर अपुरे पडणार, हे ओळखून ५० डॉलर भाड्याने गावातील हॉर्टिकल्चरल हॉल घेतला. २४ ऑगस्ट १९६८, शनिवार. सुमारे १०० माणसे आली. ‘जेन कॉन’ या नावात गावाचे नाव आहे आणि युद्धनियमांच्या जिनीव्हा करारांवरची कोटीही.

९/ आता तेथून वायव्येला, मिनेसोटातील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांकडे जाऊ. तेथे युद्धखेळ खेळणाऱ्या तरुणांचा एक गट होता. त्यांतील डेव्हिड वेस्ली यांना मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात १८८० चे एक पुस्तक सापडले: अमेरिकी सैन्यातील अधिकारी चार्ल्स टॉटन यांचे ‘स्ट्रॅटेगॉस’. खेळाडूने वाटेल ते करून पाहावे, ते जमले की नाही हे पंचाने ठरवावे, ही कल्पना वेस्ली यांनी त्यातून उचलली. जवळपास ९० वर्षे कपाटात राहिलेले पुस्तक असे कामाला आले.

१०/ १९६९ मध्ये वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या काल्पनिक प्रशियन गावाचा डाव मांडला. काळ नेपोलियनच्या युद्धांचा. सेनापती दोनच, खेळू इच्छिणारे मात्र बरेच. म्हणून उरलेल्यांना त्यांनी गावातल्या भूमिका दिल्या: कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. लढाईपूर्वी एकेकाला वेगळे बोलावून त्याची इच्छा विचारावी आणि मग लढाई लावावी, असा बेत होता.

११/ बेत फसला. एकाशी बोलणे चालू असताना बाकीचे आपापसांत कारस्थाने करू लागले. नियमांत नसलेल्या गोष्टी घडू लागल्या; दोघांनी तर द्वंद्वयुद्धच आरंभिले. टेबलावरची लढाई राहूनच गेली. डाव पूर्ण फसला, असे मानून वेस्ली घरी गेले. खेळाडू मात्र दुसऱ्या डावाची मागणी करू लागले. सूत्रधाराला जे अपयश वाटले, तोच या खेळाचा जन्म होता.

१२/ पुढे वेस्ली सैन्यसेवेत गेले आणि ही परंपरा त्या गटातील डेव्ह आर्नेसन यांनी चालवली. आर्नेसन हे मिनेसोटा विद्यापीठात इतिहासाचे विद्यार्थी, वय विशीच्या आरंभीचे. (ही माहिती प्रथम वाचली तेव्हा मला झालेला आनंद फारसा शास्त्रीय नव्हता, हे मान्य करते.) ते आपल्या गटासाठी एक वार्तापत्र काढीत. १७ एप्रिल १९७१ रोजी आपल्या घरी मध्ययुगीन ‘ब्राउनस्टाइन’ होईल आणि त्यात पौराणिक प्राणी असतील, अशी सूचना त्यात आहे. तोही शनिवारच.

१३/ त्या डावांतून ‘ब्लॅकमूर’ हे काल्पनिक राज्य उभे राहिले. एक किल्ला, त्याखालील भुयारे आणि पुन्हा पुन्हा येऊन तेच पात्र पुढे चालवणारे खेळाडू. पात्र अनुभवाने वाढते, जखमी होते, मरते. त्याचे आयुष्य एका डावात संपत नाही. लढाई संपली की सोंगट्या डब्यात जातात, या जुन्या रीतीला येथे छेद गेला.

१४/ गायगॅक्स आणि आर्नेसन यांची भेट १९६९ च्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या जेन कॉनमध्ये झाली होती. मेळाव्याचे ऐतिहासिक कार्य नेमके हेच. दोन राज्यांतील, दोन गटांतील माणसे एका टेबलाशी आली नसती, तर पुढचे काही घडते ना. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन आणि त्यांचे मित्र डेव्हिड मेगॅरी लेक जिनीव्हाला गेले आणि गायगॅक्स यांच्या घरी ब्लॅकमूरचा डाव मांडला. गायगॅक्स भारावून गेले व त्यांनी नियम मागितले.

१५/ नियम होते कोठे? आर्नेसन यांच्या डोक्यात आणि मोजक्या पानांच्या टिपणांत. गायगॅक्स यांनी त्या टिपणांना, जेफ पेरेन यांच्यासह लिहिलेल्या आपल्या ‘चेनमेल’ (१९७१) या नियमपुस्तकाची आणि स्वतःच्या कल्पनांची जोड देऊन हस्तलिखित सिद्ध केले. तोवर त्यांची विमा कंपनीतील नोकरी सुटली होती. घराच्या तळघरात बूटदुरुस्ती करून ते संसार चालवीत होते.

१६/ प्रकाशक मिळेना, म्हणून बालमित्र डॉन के यांच्यासह त्यांनी १९७३ मध्ये ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही संस्था काढली. ब्रायन ब्लूम भांडवल घेऊन आले. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांचा संच निघाला. प्रती १,०००, किंमत १० डॉलर. खोकी घरीच भरली गेली. ४ पासून २० बाजूंपर्यंतचे फासे हे मुळात भूमिती शिकवण्याचे शालेय साहित्य होते. पहिली आवृत्ती वर्षभरात संपली. डॉन के मात्र जानेवारी १९७५ मध्ये हृदयविकाराने गेले. वय अवघे ३६.

१७/ पहिल्या खोक्यावर दोन नावे होती: गायगॅक्स आणि आर्नेसन. मग मेळाव्यांनी खेळाला पुन्हा वळण दिले. १९७५ मध्ये बाल्टिमोर येथे ‘ओरिजिन्स’ मेळावा सुरू झाला आणि तेथे या खेळाची स्पर्धा झाली. स्पर्धा म्हटली की अनोळखी खेळाडू, ठरावीक तास आणि सर्व टेबलांवर समान न्याय. घरगुती टेबलावर पंचाची मर्जी चाले. येथे लिखित नियम हवेत. ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची जाडजूड पुस्तके १९७७ ते १९७९ मध्ये निघाली, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

१८/ या नव्या पुस्तकांवर लेखक म्हणून एकच नाव होते, गायगॅक्स यांचे. मानधनाचा प्रश्नही त्याला जोडलेला होता. १९७९ मध्ये आर्नेसन न्यायालयात गेले; १९८१ मध्ये तडजोड झाली आणि सहनिर्माता हा त्यांचा मान कायम राहिला. काळाचा न्याय असा की १९८५ मध्ये गायगॅक्स यांच्याच हातून त्यांच्या कंपनीचे नियंत्रण गेले. गायगॅक्स २००८ मध्ये, आर्नेसन २००९ मध्ये निवर्तले.

१९/ खेळ कोणाचा, हा वाद अजून मिटलेला नाही आणि माझ्या मते तो केवळ दोन माणसांचा नाही. एकाने टेबल चालवले, दुसऱ्याने ग्रंथ लिहिला. टेबल उठले की मागे काही उरत नाही, ग्रंथ उरतो. इतिहासकार साधनांच्या मागे जातो, म्हणून त्याचा कल नकळत लिहिणाऱ्याकडे झुकतो. वेस्ली यांचे नाव तर आजही किती खेळाडूंना ठाऊक असते?

२०/ तरी काही जणांनी टेबलावरचे क्षण टिपून ठेवले. लॉस एंजेलिसमधून ली गोल्ड यांनी १९७५ मध्ये ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे मासिक सुरू केले. लिहिणाऱ्यांनी आपापली पाने पाठवायची, संपादिकेने ती एकत्र बांधून सर्वांना वाटायची. डावांची वर्णने, नियमांवरचे वाद, एकमेकांना उत्तरे, सारे त्यात आहे. सुमारे ५० वर्षे हे काम चालले. खेळ प्रत्यक्षात कसा खेळला जाई, हे जाणून घ्यायचे तर नियमपुस्तकापेक्षा ही पाने अधिक बोलकी आहेत.

२१/ जेन कॉन पुढे केनोशा आणि मिल्वॉकी येथे हलले. २००३ पासून ते इंडियानापोलिसमध्ये भरते. ५० डॉलरच्या हॉलातील शंभर माणसांची संख्या २०२३ मध्ये ७०,००० च्या पुढे गेली. पण आतले दृश्य आजही तेच: एक टेबल, पाच-सहा माणसे, चार तास.

२२/ आता आमचा वाद. रविवारच्या शेवटच्या डावात आम्ही एका भुयारात अडकलो होतो. दिवा विझवून, अंधारात पहारेकऱ्यांचाच आवाज काढून बाहेर पडायची युक्ती आम्हांला सुचली आणि आम्ही सुटलो. परतताना बसमध्ये प्रश्न निघाला: युक्ती कोणाची? एक मित्र म्हणाला, माझी. मैत्रीण म्हणाली, दिवा विझवायचे मी बोलले. चौथा गप्प होता. मी वही काढली, कारण टिपणे ठेवण्याची सवय मला एकटीलाच.

२३/ वहीत लिहिले होते: ‘मी सुचवले की दिवा विझवावा.’ आणि खरे सांगायचे तर, ते मी सुचवल्याचे मला मुळीच आठवत नाही. रात्री लिहिताना घाईत वाक्य तसे उतरले असावे. तिघांनी ते वाचले आणि वाद तत्काळ मिटला. वहीत आहे म्हणजे तसेच असणार. माझ्यावर एवढा विश्वास ठेवलेला पाहून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

२४/ म्हणून त्या पानाखाली मी एक ओळ जोडली आहे: ‘वरील विधान अविश्वसनीय.’ आणि तिघांनाही सांगितले आहे की आपापल्या आठवणीप्रमाणे तो प्रसंग लिहून द्या, एकमेकांना न विचारता. दोघांचे कागद आले आहेत. ते जुळत नाहीत. गप्प राहिलेल्या चौथ्याच्या कागदाची वाट पाहते आहे.

२५/ आपणही मित्रांसोबत असे काही खेळत असाल, मग तो भूमिकाखेळ असो, गल्लीतले क्रिकेट असो वा सुट्टीतला पत्त्यांचा डाव, तर एखाद्या डावाची हकीकत तारीख आणि सोबत्यांची नावे घालून लिहून ठेवा. जमल्यास दोघांनी वेगवेगळी लिहा.

(समाप्त)