रिकामी खुंटी

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका घरी अंत्यविधीनंतर आठव्या दिवशी भेटीस गेलो. मृत गृहस्थ रेल्वेत गार्ड होते. लाल-हिरव्या काचांचा त्यांचा कंदील आम्ही ओटीवरील खुंटीला अनेकदा पाहिला होता; त्या दिवशी खुंटी रिकामी होती. "फादर, गंजला होता, भंगारवाल्याला दिला," मुलाने सहज सांगितले. त्यास दोष देणे आम्हांस जमले नाही. कंदील ठेवावयास जागा आहे, असे आम्ही तरी त्यांना केव्हा सांगितले होते?

वसईचे रेल्वेशी नाते १८६४ सालापासूनचे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीने आपला पहिला टप्पा १८६० साली गुजरातेत, अंकलेश्वर ते उतराण असा उघडला आणि १८६४ च्या नोव्हेंबरात तिचा मार्ग ग्रँट रोडला येऊन भिडला. या कंपनीचे पूल कर्नल केनेडी यांच्या पद्धतीचे असत. लोखंडी खांबांच्या तळाशी मळसूत्री पाते बसवून ते खांब गाळात पिळत पिळत उतरवावयाचे आणि त्यांवर तुळया टाकावयाच्या. ज्या खाडीत आमचे पूर्वज भरती-ओहोटी पाहून मचवे हाकीत, तिच्यावरून गाडी घड्याळ पाहून धावू लागली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली. दिवसाला एक जाणारी, एक येणारी, बस्स!

स्टेशन जुन्या वसईपासून दूर, म्हणून त्याचे नाव 'बेसिन रोड'. तेथवर बैलगाडीने दूध, फुले, भाजी, केळी, विड्याची पाने न्यावयाची. वाडीतला माल त्याच दिवशी शहराच्या बाजारात पोहोचू लागला, हा बदल लहान नव्हता. पुढे विजेची गाडी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत व १९३६ मध्ये विरारपर्यंत आली आणि माल नेणाऱ्यांची मुले खिशात पास ठेवून कचेरीत जाऊ लागली. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या चाळताना वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात 'शेतकरी' हा शब्द हळूहळू विरळ होताना आम्ही पाहिला आहे.

खाडीपलीकडील आमच्या बांधवांची कथा याहून वेगळी. गोवा व मंगळूरकडील कॅथलिक नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा येथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी आपला वेगळेपणा व नोकऱ्यांवरील हक्क सरकारच्या ध्यानी यावा म्हणून १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. पोटाच्या प्रश्नातून समाजाला नाव मिळावे, हे आम्हांस मोठे बोलके वाटते.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात इंजिने आहेत. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय आहे. ती कामे स्तुत्यच. इंजिन सांभाळणे आम्हांस झेपणारे नाही आणि त्याचे प्रयोजनही नाही. लगेजच्या डब्यात टोपलीवर हात ठेवून बसलेली म्हातारी आमच्याखेरीज कोण जपणार?

सभागृहामागील खोली यासाठी मोकळी केली आहे. (तेथील मोडक्या खुर्च्यांवर काही मंडळींचा फार जीव होता, हे नमूद करतो.) पास, पगाराच्या चिठ्ठ्या, गणवेशाची बटणे, जेवणाचे डबे, टोपल्या, काहीही आणावे. मात्र घासूनपुसून चकचकीत करू नये. वस्तूसोबत ती कोणाची, कोणत्या गाडीने जात असे, एवढे कागदावर लिहून द्यावे. लिहिणे जमत नसेल त्यांच्याकडे आमचे युवक ध्वनिमुद्रणासाठी येतील. सत्तरी उलटलेल्यांकडे आधी जावे, असे त्यांस बजावले आहे.

आजवर दोन टोपल्या, एक शिटी व पितळी कुलपाचा एक डबा आला आहे. तो गार्डांचा मुलगाही परवा आला. कंदील मिळाला नाही. भिंतीतील ती खुंटी त्याने उपटून आणली होती. ती आम्ही ठेवून घेतली आहे.