धानपट्ट्यातला शरद आणि मुलांची कला

पूर्व विदर्भात पावसाळा सरता सरता मुलांचे दोन सण येतात, तान्हा पोळा आणि भुलाबाई. एकात लाकडी बैल सजतो, दुसऱ्यात मातीच्या मूर्ती मांडल्या जातात. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, बावनथडी नदीच्या परिसरातील नाकाडोंगरीसारख्या गावांमध्ये ऋतूची चाल धानावरून कळते. श्रावणअखेर रोवणी आटोपते, बैलांना उसंत मिळते आणि अमावास्येला पोळा भरतो. पुढे आश्विनात हलके धान पिकू लागते, बांध्यांतले पाणी ओसरते, नदीकाठी कास फुलतो.

तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला असतो. मुलांनाही बैलाचे मोल कळावे म्हणून नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तो सुरू केला, असे परंपरा सांगते. हे रघूजी 1816 मध्ये वारले. 1853 मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर इंग्रजांनी राज्य खालसा केले. राजाश्रय गेला, पण सण राहिला. कारण त्याला लागणारे सारे गावातच होते. सागवान रानात, वाढई शेजारी आणि बैलांच्या सोबतीने वाढणारी मुले घरोघरी.

वाढई बैल घडवतो: भरदार वशिंड, वर वळलेली शिंगे, पायांखाली चाके लावलेली पाटी आणि ओढायला दोरी. पुढचे काम मुलांचे. शिंगांना रंग किंवा बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांची माळ, कपाळी बाशिंग. बैल तोच, दरवर्षी सजावट मात्र नवी. थोरल्याचा बैल धाकट्याकडे जातो, कित्येक घरांत तर आजोबांचा नातवाकडे. तोरणाखाली सगळे बैल जमले की पूजा होते, मग मुले आपापला बैल ओढत दारोदार जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. एवढी जिवंत लोककला मुलांच्या हाती सोपवणारे सण महाराष्ट्रात थोडेच असतील.

भुलाबाई मुलींची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, महिनाभर, भुलोजी-भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वती यांच्या मातीच्या मूर्ती घरात बसतात. त्या कुंभाराकडून येतात. ज्वारीच्या धांड्यांचा मखर आणि आरास घरी होते. संध्याकाळी टिपऱ्यांच्या तालावर गाणी होतात, शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. खानदेशात हीच गुलाबाई. पश्चिम महाराष्ट्रात याच सुमारास, सूर्य हस्त नक्षत्रात असताना, पाटावर हत्ती काढून मुली भोवती फेर धरतात. तो हादगा किंवा भोंडला.

ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यातले बैल कमी झाले, त्यामुळे मोठ्या पोळ्याची गर्दी ओसरली. तान्ह्या पोळ्याला मात्र शाळा आणि मंडळांच्या सजावट व वेशभूषा स्पर्धांनी नवे बळ दिले. भुलाबाईला घराघरांतून तेवढा आधार उरला नाही. तिची गाणी आता बरीचशी महिला मंडळांच्या कार्यक्रमांत ऐकू येतात.