फोकस कुठे धरायचा?

भुसावळ–खंडवा लोहमार्गावरचं आमचं चांदनी म्हणजे नेपानगरचं शेजारी. 1956 साली पंडित नेहरूंनी नेपानगरची कागद गिरणी देशाला अर्पण केली आणि इथला कागद वर्तमानपत्रांकडे जाऊ लागला. वर्तमानपत्राच्या कागदावर फोटोतले बारकावे पुसट होतात. म्हणून निदान चेहरा तरी फोकसमध्ये हवा. पण तो बिंदू ठरवायचा कुणी, याचा इतिहास मोठा रंजक आहे.

1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्याशी जोडलेले होते. त्या काळी डोक्यावर काळं कापड घेऊन, दुधी काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा न्याहाळत फोकस जुळवावा लागे. वेळ लागे, पण निर्णय माणसाच्या डोळ्याचा असे.

1977 मध्ये कोनिकाचा सी-35 एएफ आला, 1985 मध्ये मिनोल्टा 7000. फोकस आपोआप होऊ लागला, पण फक्त चौकटीच्या मधोमध. नवरा-नवरी शेजारी उभे राहिले की कॅमेरा दोघांमधल्या फटीतून मागची भिंत स्पष्ट करी! मग आधी चेहऱ्यावर नेम धरून बटण अर्धं दाबायचं आणि तसंच धरून चौकट जुळवायची, ही युक्ती रूढ झाली.

पुढे बिंदू वाढले. 1996 च्या निकॉन एफ-5 मध्ये पाच होते, 1998 च्या कॅनन ईओएस-3 मध्ये 45, तर 2007 च्या निकॉन डी-3 या डिजिटल कॅमेऱ्यात 51. मात्र निवड कॅमेऱ्यावर सोडली, तर तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. आरतीच्या वेळी पुढचं निरांजन लख्ख येतं आणि मागे टाळ्या वाजवणाऱ्या आजी धूसर होतात. आताचे कॅमेरे डोळेही ओळखतात; पण दहा चेहऱ्यांतला आपला कोणता, हे त्यांना कसं कळणार?

म्हणून उत्सवात फोटो काढणाऱ्या मुलामुलींना आम्ही एवढंच सांगतो: एकच बिंदू निवडा आणि तो माणसाच्या डोळ्यावर ठेवा. मंडपात उजेड कमी असेल तर मधला बिंदू वापरा, बहुतेक कॅमेऱ्यांत तोच अधिक भरवशाचा असतो. मखराचे फोटो दरवर्षी निघतील. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या ज्येष्ठांचे मात्र यंदाच काढून ठेवा.