मुंबईच्या समुद्राचें भाकीत

सन २०२५ च्या अनंतचतुर्दशीस, म्हणजे ६ सप्टेंबरला, लालबागच्या राजाची मिरवणूक निघाली, ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं गिरगांवच्या चौपाटीवर पोंचली. आतां विसर्जन लवकरच आटोपेल अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु समुद्रास भरती येत होती, आणि चढत्या पाण्यांत मूर्ति तराफ्यावर चढवितां येईना. कार्यकर्ते पाण्यांत उभे, हजारों माणसें वाळूवर उभीं, असा सारा दिवस गेला व रात्रीं नऊच्या सुमारास विसर्जन झालें. या उशिरावरून जे वाद माजले त्यांत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं. आम्हांस नवल वाटलें तें एवढेंच कीं, भरती "अचानक" आली असें पुष्कळांच्या तोंडीं होतें. त्या दिवशीं भाद्रपदी पौर्णिमा होती. पौर्णिमेस मुंबईच्या किनाऱ्यावर दुपारीं बाराच्या सुमारास पूर्ण भरती असावयाची. गिरगांव नारळीच्या वाड्यांचें गांव होतें तेव्हांही ती त्याच वेळीं येत असे.

कोंकणांतल्या व मुंबईच्या दर्यावर्दी लोकांचा याविषयींचा आडाखा प्रसिद्ध आहे. चालू तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, चतुर्दशीस साडेदहा वाजतां. शुद्ध पक्ष असो कीं वद्य, हिशेब तोच. आणि दिवसाची भरती साधली कीं रात्रीची सुमारें साडेबारा तासांनीं येते. गणिती मनुष्य म्हणेल, पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे दर तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटें. तेव्हां गुणक पाऊण नसून चार-पंचमांश हवा. तें खरेंच. पौर्णिमेच्या दिवशीं या आडाख्यानें सव्वाअकरा येतात आणि पाणी बाराच्या आसपास भरतें. परंतु होडी लोटणाऱ्याला अर्ध्यापाऊण तासाची चूक चालते. अपूर्णांकांचा गुणाकार तोंडीं करणें मात्र त्याला अवघड जातें. या एका हिशेबावरून हेंही दिसेल कीं, अनंतचतुर्दशीच्या विसर्जनाची भरतीशीं गांठ दर वर्षीं ठरलेली आहे. तिथि बदलत नाहीं, तोंवर भरतीची वेळही बदलत नाहीं.

हें ज्ञान शास्त्रीय पद्धतीनें मिळविण्याचा उद्योग मुंबईंत कुलाब्यास सुरू झाला. ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं तेथें वेधशाळा बांधली ती वादळें सांगण्याकरितां नव्हे, तर आकाशाचे वेध घेऊन जहाजांना अचूक वेळ पुरविण्याकरितां. हवेच्या व चुंबकत्वाच्या नियमित नोंदी १८४१ पासूनच्या. या संस्थेशीं आपल्या दोन विद्वानांचा संबंध आला होता, ही गोष्ट आतां फारशी कोणाच्या लक्षांत नसते. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनीं कांहीं काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनीं तरुणपणाचीं सुमारें दहा वर्षें तेथें वेध घेण्यांत घालविलीं. केरूनाना अलिबागेजवळच्या नागांवचे. समुद्र त्यांना पुस्तकांतून कळलेला नव्हता. भरती-ओहोटीवर त्यांनीं मराठींत निबंध लिहिला. पुढें डेक्कन कॉलेजांत ते टिळकांचे गणिताचे गुरु झाले व ती ख्याति वरचढ ठरली. परंतु कुलाब्याच्या टेंकाडावर रात्रीं जागून आंकडे टिपणारा तो विशीबाविशीचा मुलगा आम्हांस अधिक जवळचा वाटतो.

अपोलो बंदरावर पाण्याची चढउतार आपोआप नोंदणारें यंत्र १८७८ पासून चालूं झालें. पुढच्याच वर्षीं हिंदुस्थानच्या बंदरांसाठीं म्हणून लंडनमध्यें पितळी चाकांचें व कप्प्यांचें एक मोठें यंत्र तयार झालें. चंद्राची एक ओढ, सूर्याची एक ओढ, चंद्राच्या जवळ-दूर होण्यामुळें पडणारा फरक, असा एकेक घटक एकेका चाकावर बसवून दांडा फिरविला कीं, येत्या वर्षाची भरती-ओहोटी कागदावर रेखाटली जाई. त्यावरून मुंबई बंदराचीं कोष्टकें छापलीं जात. मुंबईचें पाणी कधीं चढेल हें टेम्स नदीच्या कांठीं बसून सांगतां येऊं लागलें, आणि तें बरोबर येई. कोळ्याची पाऊणपट व लंडनचें यंत्र यांत फरक सूक्ष्मतेचा, तत्त्व एकच. भरती हें ग्रहणासारखें गणित आहे.

घोटाळा होतो तो येथून पुढें. पावसाळा आला कीं साडेचार मीटरांहून मोठ्या भरतीच्या तारखांची यादी महानगरपालिका प्रसिद्ध करते, आणि लागलीच वर्तमानपत्रांत मथळा येतो: "समुद्रांत साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार!" हा मथळा चुकीचा आहे. साडेचार मीटर ही लाटेची उंची नव्हे. नाविक नकाशांत जी शून्य पातळी धरलेली असते, म्हणजे ढोबळ मानानें अगदीं खोल ओहोटीची पातळी, तिच्यापासून भरतीचें पाणी किती चढेल त्याचा तो आंकडा. उधाणाच्या मोठ्या भरतीला मुंबईंत हें पाणी पांच मीटरांच्या आसपास जातें. भांगाच्या दिवसांत त्याहून मीटर-दीड मीटर कमी भरतें. लाट ही निराळीच वस्तु. ती वाऱ्यानें उठते. जेथें वारा आहे तेथें उठते आणि जेथें वारा नाहीं तेथेंही येऊन पोंचते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास उरली कीं लाट फुटते, असा ठोकताळा आहे. त्या हिशेबानें खरोखरची साडेचार मीटरांची लाट साडेपांच-सहा मीटर पाण्यांतच, किनाऱ्यापासून दूर, कोसळेल. गिरगांवच्या उथळ वाळूपर्यंत तिचा उरलासुरला जोरच येईल. वारा पडलेला असला तर मोठ्यांतल्या मोठ्या उधाणाचें पाणी हौदांत भरावें तसें निमूटपणें भिंतीशीं चढतें व उतरून जातें.

मग ती यादी काढावयाची कशाला? तिचें कारण किनाऱ्यावर नाहीं, परळ-लालबागेंत आहे. शहराचीं पर्जन्यजलाचीं कित्येक मुखें भरतीच्या पातळीखालीं आहेत. पाणी चढलेलें असतांना मुसळधार पाऊस कोसळला तर तें समुद्रांत जाऊं शकत नाहीं, आणि दादर-परळच्या मधल्या हिंदमाता चौकांत माणसें कंबरभर पाण्यांतून घर गांठतात. म्हणजे जी सूचना गटारांविषयींची आहे ती लोक लाटांविषयींची म्हणून वाचतात, आणि मरीन ड्राइव्हवर लाटा पाहावयास गर्दी करतात! याचा उलट परिणाम अधिक घातक असतो. यादींत आजची तारीख नाहीं, तेव्हां समुद्र आज निरुपद्रवी, अशी समजूत होते.

लाटांचेंही एक ऋतुमान आहे व तें दर्यावर्दींना पाठ असे. हिवाळ्यांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारीं समुद्रावरून खारा वारा. ज्येष्ठांत नैर्ऋत्येचा वारा सुटला कीं होड्या वर ओढावयाच्या, त्या नारळी पौर्णिमेस पुन्हां पाण्यांत. आतां मासेमारीची बंदी जून-जुलै अशी इंग्रजी महिन्यांनीं ठरते, आणि ज्या वर्षीं अधिक मास येतो त्या वर्षीं सरकारची बंदी उठते तेव्हां नारळी पौर्णिमेस अवकाश असतो. वरळीच्या कोळ्यांना दोन्ही पंचांगें सांभाळावीं लागतात. तथापि ऋतुमान म्हणजे तारीखवार भाकीत नव्हे. अमुक महिन्यांत समुद्र खवळतो एवढेंच तें सांगतें.

वादळाची गोष्ट तर तिसरीच. नोव्हेंबर १८५४ च्या आरंभीं मुंबईवर मोठें चक्री वादळ आलें. बंदरांतलीं पुष्कळ जहाजें फुटलीं व मृतांचा आंकडा हजाराच्या घरांत सांगितला जातो. कलकत्त्याच्या १८६४ च्या वादळानंतर तेथें बंदरावर धोक्याची खूण चढविण्याची पद्धत निघाली. ती १८८० त मुंबईस आली, आणि "तीन नंबरचा बावटा लागला" हे शब्द आपल्या भाषेंत रुजले. परंतु बावटा लागावयाचा तर वादळ कोठें आहे हें आधीं कळावयास हवें, आणि भर समुद्रांतली बातमी त्या काळीं बंदरास लागलेल्या जहाजाबरोबरच येई. ज्या जहाजाला वादळानें गांठलें तें सांगावयास येतच नसे. नोव्हेंबर १८८८ मध्यें कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा', जिला विजेच्या दिव्यांमुळें लोक 'वीजळी' म्हणत, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सातशेंच्या आसपास माणसांसह नाहींशी झाली.

येथें एका खोट्या वादळाची हकीकत सांगणें अवश्य आहे. जून १८८२ त मुंबईवर चक्री वादळ येऊन एक लाख माणसें मेलीं, असें जगांतल्या मोठ्या आपत्तींच्या याद्यांतून सर्रास छापलेलें आढळतें. १८८१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती. म्हणजे आठांतला एक मनुष्य गेला म्हणावयाचें. त्या वर्षीं कुलाब्याची वेधशाळा चालू होती, अपोलो बंदरावरचें यंत्र चालू होतें, मुंबईंत दैनिकें निघत होतीं, पुण्यास 'केसरी' दीड वर्षाचा झाला होता. त्याच जुलैंत कोल्हापूर प्रकरणाचा निकाल लागून टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत गेले. महिन्यापूर्वीं लाख प्रेतें उचललेलें शहर अब्रुनुकसानीचा खटला चालवीत बसलें असतें काय? अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाचे ॲडम सोबेल व त्यांचे सहकारी यांनीं याचा छडा लावला, तेव्हां असें कांहीं वादळ झाल्याचा पुरावाच नाहीं असें ठरलें. कोणीतरी कधींतरी लिहिलें व बाकीच्यांनीं उतरून घेतलें. आश्चर्य याचें कीं, न झालेलें वादळ याद्यांत अमर झालें आणि १८५४ चें झालेलें वादळ मुंबईकर विसरले. नोव्हेंबर १९४८ चें तरी कितीजणांच्या ध्यानांत आहे? मुंबईला वादळें लागत नाहींत, ही समजूत अशा विस्मरणानेंच पोसली गेली. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ अलिबागेच्या दक्षिणेस जमिनीवर चढलें तेव्हां तें थोडक्या कोसांवरून चुकलें होतें.

'रामदास' बोटीचें नांव मात्र गिरगांव-परळांतलीं घरें विसरलेलीं नाहींत. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्येचा सण. गिरणगांवांतले व गिरगांवांतले चाकरमाने सणाकरितां घरीं निघाले होते. सकाळीं आठाच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून बोट रेवसकडे सुटली. वाटेंत काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेनें ती कलली, घाबरलेले उतारू एका बाजूस धांवले, आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांनीं ती समुद्रांत टाकून हातीं लागतील तेवढीं माणसें होड्यांत ओढलीं, म्हणून कांहीं वांचलीं. त्या दिवशीं पाऊणपटीचा हिशेब कोणीही केला असता तर पाणी चढतें आहे व अकराच्या सुमारास भरेल, हें कळलें असतें. परंतु बोट भरतीनें बुडाली नाहीं. ती बुडाली लाटेनें आणि गर्दीनें; आणि त्या सकाळच्या लाटेचें भाकीत कोणत्याही तिथींत लिहिलेलें नव्हतें.

आज तें भाकीत मिळूं शकतें. समुद्र नसलेल्या हैदराबादेंत १९९९ सालीं स्थापन झालेली महासागराची माहिती देणारी सरकारी संस्था आहे. वाऱ्याच्या अंदाजावरून लाटेची उंची, तिची दिशा, दोन लाटांमधलें अंतर यांचें गणित करून ती कांहीं दिवस आधीं सूचना देते. दक्षिणेकडच्या महासागरांत हजारों कोसांवर उठलेल्या लाटा कोणत्या दिवशीं आपल्या किनाऱ्यास लागतील हें देखील त्यांत येतें. हा अंदाज तीन-चार दिवसांपलीकडे फारसा विश्वासाचा नसतो. भरतीचें कोष्टक मात्र पुढल्या पिढीपर्यंतचें काढतां येईल. या दोहोंची योग्यता सारखी समजून चालत नाहीं, आणि एकाच्या जागीं दुसरें वाचून तर मुळींच चालत नाहीं.

१२ जून २०२३ ची गोष्ट. 'बिपरजॉय' वादळ मुंबईपासून शेंकडों किलोमीटर दूर, कच्छच्या वाटेवर होतें. त्या दिवशीं ज्येष्ठ वद्य नवमी संपून दशमी लागली होती. म्हणजे भांगाचे दिवस, उधाण नव्हे. मोठ्या भरतीच्या यादींत बसेल असा तो दिवसच नव्हता. संध्याकाळीं जुहूच्या किनाऱ्यावर पांच मुलें पाण्यांत गेलीं. पाऊणपटीनें भरती सातच्या सुमारास पुरी व्हावयाची, म्हणजे पाणी चढतें होतें. आणि त्या मध्यम भरतीवर स्वार होऊन दूरच्या वादळाच्या लाटा येत होत्या. पाण्याच्या ओढीनें पांचही मुलें आंत खेंचलीं गेलीं. एक वांचला, चार गेले. वादळ कच्छच्या जखाऊ बंदराजवळ जमिनीस लागलें तें त्यानंतर तीन दिवसांनीं.