जुनी विद्या, नवी पाटी

परवा नातू मित्रांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत होता. कागद, पेन्सिल, नाना आकारांचे फासे आणि भरपूर कल्पना! त्याचं पात्र लढवय्याही होतं आणि जादूगारही. मी विचारलं, "एका माणसानं दोन्ही कसं शिकायचं रे?" त्यातून जो इतिहास कळला तो मोठा गमतीचा आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये आला. तेव्हा पेशे तीनच: लढवय्या, जादूगार, पुरोहित. एल्फ या काल्पनिक जमातीला मात्र लढाई आणि जादू दोन्हीची मुभा होती. १९७८ च्या नियमपुस्तकात एल्फांना दोन-तीन पेशे एकदम करता येत, पण अनुभवाचे गुण त्यांत वाटले जात. माणसाला नियम कडक. जुना पेशा सोडायचा, नवा पहिल्या पायरीपासून. नव्यात जुन्याच्या पुढे जाण्याआधी जुनी विद्या वापरली, तर त्या मोहिमेचे गुण शून्य! २००० मधल्या तिसऱ्या आवृत्तीत माणसांनाही पेशे मिसळायची मोकळीक मिळाली.

नातवाला तो जुना नियम जाचक वाटतो. मला पटला. निवृत्तीनंतर कॉम्प्युटरच्या क्लासला मी शिकवणाऱ्या मुलीच्याच चुका काढत बसायचो. महिनाभर काही शिकलो नाही. मास्तरकी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवली, तेव्हा कुठे पहिलं पत्र टाइप झालं. आता दोन्ही विद्या एकत्र नांदतात. पुरावा तुम्ही वाचताच आहात!