कॉर्व्हेट: सांगाडा, शस्त्र आणि तिजोरी

कॉर्व्हेट ही फ्रिगेटपेक्षा लहान आणि क्षेपणास्त्र-बोटीपेक्षा दणकट युद्धनौका. किनाऱ्याजवळची गस्त, व्यापारी जहाजांची राखण, शत्रूच्या नौकांवर क्षेपणास्त्रांचा मारा आणि पाणबुड्यांचा माग ही तिची कामे. तिची किंमत मात्र एका आकड्यात कधीच मावत नाही. पोलाद, इंजिने आणि गोदीतली मजुरी हा एक खर्च. रडार व सोनार हा दुसरा. तोफा, क्षेपणास्त्रे आणि पाणतीर हा तिसरा. हे तिन्ही वेगवेगळ्या पुरवठादारांकडून, वेगवेगळ्या करारांनी आणि वेगवेगळ्या वेळी येतात. भारतीय कॉर्व्हेटचा इतिहास हा बराचसा या तीन वेळापत्रकांचा मेळ घालण्याचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ च्या सुमारास, तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीला ब्रिटनकडून ‘फ्लॉवर’ वर्गाच्या काही कॉर्व्हेट मिळाल्या. त्यांची नावे आसाम, गोंडवन, मराठा आणि सिंध अशी ठेवली गेली. त्या उसन्या होत्या. युद्ध संपल्यावर परत गेल्या. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षेही नौदल ब्रिटिश नौकांवरच चालले.

साठच्या दशकात ब्रिटनकडून पाणबुड्या व नव्या नौका सोयीच्या अटींवर मिळेनात, तेव्हा भारत सोव्हिएत संघाकडे वळला. मॉस्कोने दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज दिले आणि त्याची फेड रुपयांत करण्याची सवलतही दिली. परकीय चलनाची कायम टंचाई असलेल्या देशाला ही अट निर्णायक वाटली. याच व्यवहारातून पेत्या वर्गाच्या पाणबुडीविरोधी नौका आल्या. त्यांना बेटांची नावे मिळाली: अंदमान, कामोर्ता, कदमत, किलतान, कवरत्ती, कच्चाल. याच वर्गात होती आयएनएस अर्नाळा, वसईजवळच्या बेटाच्या आणि त्यावरच्या किल्ल्याच्या नावाची. कारवारजवळच्या, गोव्याच्या अखत्यारीतल्या अंजदीव बेटाचे नावही याच मालिकेत होते.

१९७१ च्या सुरुवातीला सोव्हिएत संघातून आठ ओसा क्षेपणास्त्र-बोटी आल्या. मुंबई बंदरात त्यांना पाण्यात उतरवण्याइतकी मोठी क्रेन नसल्याने त्या कोलकात्याला उतरवाव्या लागल्या आणि तिथून ओढत पश्चिम किनाऱ्यावर आणाव्या लागल्या. प्रत्येक बोटीवर चार पी-१५ क्षेपणास्त्रे, पल्ला सुमारे ४० किलोमीटर. त्याच वर्षीच्या भारत-पाकिस्तान युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी किलतान व कच्चाल या पेत्या नौकांच्या सोबतीने कराचीजवळ पोहोचल्या. त्या रात्री पाकिस्तानची विनाशिका खैबर आणि सुरुंग काढणारी मुहाफिज बुडाली. लहान नौकेवर मोठे अस्त्र चढवले तर ती किती भारी पडते, हे जगभरच्या नौदलांनी पाहिले.

पाच दिवसांनी उलट बाजूही दिसली. ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी ही ब्रिटिश बनावटीची फ्रिगेट बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. पाणबुडी शोधण्याची साधने अपुरी असली की त्याची किंमत माणसांनी मोजावी लागते, हे त्या रात्री लख्ख दिसले. पुढे कॉर्व्हेटच्या प्रत्येक नव्या बेताच्या मुळाशी कराची आणि दीव या दोन्ही घटना राहिल्या.

त्या बेतांतला पहिला टप्पाही सोव्हिएतच होता. १९७६ ते १९७८ या काळात नानुचका वर्गाच्या तीन कॉर्व्हेट आल्या: विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि होसदुर्ग. त्यातली पहिली दोन नावे मालवणी मुलखातल्या, शिवाजी महाराजांच्या आरमाराशी जोडलेल्या जलदुर्गांची. १९८७ पासून वीर वर्ग आला. त्यातल्या पहिल्या पाच नौका तयार विकत घेतल्या, पुढच्या मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आणि गोवा शिपयार्डमध्ये बांधल्या. माझगाव डॉक सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतले होते. गोव्याची गोदी पोर्तुगिजांनी १९५७ मध्ये उभारली आणि मुक्तीनंतर ती भारताकडे आली. वीर वर्गातली प्रहार एप्रिल २००६ मध्ये गोव्याजवळ एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन बुडाली.

स्वतःच्या आराखड्याची कॉर्व्हेट मात्र खुकरी वर्गाने दिली. ‘प्रोजेक्ट २५’ मधली पहिली नौका, बुडालेल्या फ्रिगेटचेच नाव घेऊन, माझगाव डॉकमध्ये तयार झाली आणि २३ ऑगस्ट १९८९ रोजी नौदलात दाखल झाली. कुठार तिथेच, तर कृपाण आणि खंजर कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधल्या गेल्या. सांगाडा भारतीय होता, शस्त्रे बहुतांश सोव्हिएत होती: चार पी-२० क्षेपणास्त्रे, ७६ मिलिमीटरची एक तोफ आणि ३० मिलिमीटरच्या दोन एके-६३० तोफा. विमानांविरुद्ध खांद्यावरून डागायची लहान क्षेपणास्त्रे एवढाच आधार होता.

याच रचनेची पुढची आवृत्ती म्हणजे कोरा वर्ग. पी-२० जातीच्या एका क्षेपणास्त्राचे वजन दोन टनांच्या वर. त्यामुळे चाराहून अधिक मावत नसत. नवे केएच-३५ त्याच्या चौथाई वजनाचे आणि पल्ला सुमारे १३० किलोमीटर. त्यामुळे जवळपास तेवढ्याच आकाराच्या नौकेवर सोळा क्षेपणास्त्रे बसवता आली. शस्त्राच्या हलकेपणामुळे नौकेचे बळ चौपट कसे होते, याचे याहून सोपे उदाहरण नाही. पण कोराचे जलावतरण १९९२ मध्ये झाले आणि ती नौदलात दाखल व्हायला १९९८ उजाडले. मधल्या काळात सोव्हिएत संघ फुटला होता, रुपया-रूबलचा व्यवहार कोलमडला होता आणि रशियन कारखान्यांचा पुरवठा खोळंबला होता. १९९१ चे आर्थिक संकट आधीच डोक्यावर होते. सांगाडा गोदीत तयार आणि त्यावर बसवायची यंत्रणा वाटेत, अशी ती वर्षे गेली. वर्गातली शेवटची कार्मुक २००४ मध्ये आली.

खुकरी आणि कोरा दोन्ही वर्ग जहाजांवर मारा करण्यासाठी होते. पाणबुड्यांशी झुंजणाऱ्या जुन्या पेत्या एकेक करून निवृत्त झाल्या आणि ती जागा मोकळी पडली. ती भरण्यासाठी मार्च २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट २८’ ला मंजुरी मिळाली: गार्डन रीचमध्ये चार कॉर्व्हेट, खर्च सुमारे ३,०५१ कोटी रुपये. पुढे तो सुधारून सुमारे ७,८५२ कोटींवर गेला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात देशी युद्धनौकाबांधणीची जी चिरफाड केली, तिच्यात हे वाढते आकडे ठळकपणे आले.

आकडा असा दुपटीहून अधिक का होतो, याचे उत्तर मंजुरीच्या पद्धतीतच आहे. मंजुरी मिळते तेव्हा आराखडा पुरता पक्का नसतो. रचना आणि बांधणी एकाच वेळी पुढे सरकतात. कोणते रडार, कोणते सोनार, कोणते क्षेपणास्त्र हे अजून ठरायचे असते, तरी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीपुढे एक रक्कम ठेवावी लागते. ती अंदाजाने ठरते. गोदीशी होणाऱ्या करारात पोलाद व मजुरीचा भाग ठरीव असतो, यंत्रणांचा भाग मात्र प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे बदलता. त्यात वर्षानुवर्षे पुरतील अशा सुट्या भागांची तरतूदही धरलेली असते. कील बसवणे, जलावतरण, चाचण्या, हस्तांतरण अशा टप्प्यांवर गोदीला हप्ते मिळतात. झालेला खर्च नौदल भरून देणार हे ठाऊक असल्याने काटकसरीची निकड गोदीला वाटत नाही, ही या पद्धतीतली उणीव लेखापरीक्षकांनी अचूक पकडली. नंतरच्या वर्षांत स्पर्धेतून ठरलेल्या स्थिर किमतीचे करार वाढले, हे योग्यच झाले.

तरीही ‘प्रोजेक्ट २८’ ची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. रशियन जहाजबांधणीचे पोलाद मिळवणे महागडे आणि बेभरवशाचे झाल्यावर हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केलेले डीएमआर २४९-ए हे पोलाद स्टील ऑथॉरिटीच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि या कॉर्व्हेट त्यातूनच बांधल्या गेल्या. इंजिने फ्रेंच पील्स्टिक रचनेची, परवाना घेऊन किर्लोस्करने बांधलेली. ७६ मिलिमीटरची तोफ हरिद्वारच्या भेल कारखान्यातली. पाणतीर डागण्याच्या नळ्या आणि पाणबुडीविरोधी अग्निबाणांचा संच लार्सन अँड टुब्रोचा. नौका अशी देशी झाली की खर्च झालेला बराच पैसा देशातल्याच गिरण्या-कारखान्यांत फिरतो, आणि पुढच्या नौकेसाठी तेच कारागीर तयार मिळतात. खर्चवाढीची चर्चा करताना हा भाग विसरणे अन्यायाचे आहे.

पहिली कामोर्ता २३ ऑगस्ट २०१४ रोजी विशाखापट्टणमला दाखल झाली. लांबी १०९ मीटर, वजन तीन हजार टनांहून अधिक. पण ज्या कामासाठी ती बांधली, त्याची दोन साधने तिच्यावर नव्हती: पाण्यात मागे ओढत न्यायचे लांब सोनार आणि मध्यम पल्ल्याची विमानविरोधी क्षेपणास्त्रे. त्यांची खरेदी वेगळ्या फायलींवर चालू होती आणि त्या फायली नौकेच्या मागे पडल्या. शिवाय नौदलाकडे पाणबुडी शोधणाऱ्या हेलिकॉप्टरांचीच चणचण असल्याने नौकेवरचा हेलिकॉप्टरतळही पूर्ण वापरात आला नाही. कदमत २०१६, किलतान २०१७ आणि कवरत्ती २०२० मध्ये आल्या. किलतानच्या वरच्या बांधणीत प्रथमच कार्बन तंतूंचे संमिश्र साहित्य वापरले गेले. त्याने वरचे वजन घटले.

जुन्या नौकांचा हिशेबही याच काळात मिटू लागला. नवी खुकरी २३ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली आणि स्मारक म्हणून दीवला नेण्यात आली. कृपाण जुलै २०२३ मध्ये शस्त्रांसह व्हिएतनामला भेट देण्यात आली.

उथळ पाण्यातल्या पाणबुडीविरोधी कामासाठी एप्रिल २०१९ मध्ये सोळा लहान नौकांचे करार झाले, आठ गार्डन रीचकडे आणि आठ कोचीन शिपयार्डकडे. गार्डन रीचच्या कराराची किंमत सुमारे ६,३११ कोटी रुपये. त्यातली पहिली, नवी अर्नाळा, १८ जून २०२५ रोजी दाखल झाली. वीर वर्गाची जागा घेणाऱ्या सहा क्षेपणास्त्र-नौकांसाठी मार्च २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डशी ९,८०५ कोटींचा करार झाला; नौका मार्च २०२७ पासून मिळतील अशी अपेक्षा धरली गेली. नौदलासाठी ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचा १९,५१८ कोटींचा करार मार्च २०२४ मध्ये स्वतंत्रपणे झाला, आणि नौकांवर ती बसवण्याच्या यंत्रणेसाठी ९८८ कोटींचा आणखी एक.